महामारी, बंद अंगणवाडी आणि ग्रामीण बालकांचा आहार
(पक्षाच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली आणि मध्यरात्रीपासून ती अमलात आली. १३५ कोटींच्या देशाला चार तासांची सूचना मिळाली. शहरांतून पायी निघालेल्या मजुरांच्या रांगा साऱ्या जगाने पाहिल्या. ८ मे २०२० रोजी औरंगाबादजवळ मालगाडीखाली चिरडलेल्या सोळा मजुरांच्या शिदोरीतील पोळ्या रुळांवर विखुरलेल्या होत्या, ते छायाचित्र कोणी विसरलेले नाही. परंतु त्याच आठवड्यांत आणखी एक दार बंद झाले होते, त्याचे छायाचित्र मात्र कोठे छापून आले नाही. ते दार अंगणवाडीचे होते. मार्चच्या मध्यापासूनच राज्याराज्यांत अंगणवाड्यांना कुलपे लागत गेली, आणि बहुतेक ठिकाणी ती वर्षभर, काही ठिकाणी त्याहूनही अधिक काळ निघाली नाहीत. देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत आणि त्या वेळी आठ कोटींहून अधिक माता व बालके त्यांच्याशी जोडलेली होती. जगातील कोणत्याही देशात लहान मुलांना खाऊ घालणारी एवढी मोठी व्यवस्था एकाच वेळी बंद पडल्याचे उदाहरण क्वचितच सापडेल.

भूक विषाणूमुळे आली, असे म्हणणे सत्ताधाऱ्यांना सोयीचे आहे. ते खरे नाही, आणि याचा पुरावा सरकारच्याच दप्तरात आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचा पहिला टप्पा जून २०१९ ते जानेवारी २०२० या काळात, म्हणजे महामारी येण्यापूर्वी पुरा झाला. महाराष्ट्र याच टप्प्यात होता. २०१५-१६ च्या पाहणीत राज्यातील पाच वर्षांखालील ३४.४ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. चार वर्षांनंतर हे प्रमाण ३५.२ टक्के झाले. उंचीच्या मानाने अति रोड असलेल्या, म्हणजे तीव्र कुपोषित बालकांचे प्रमाण ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेले. देशातील सर्वांत मोठ्या औद्योगिक राज्याची ही कथा आहे. केरळातही उंची खुंटण्याचे प्रमाण याच काळात १९.७ वरून २३.४ टक्क्यांवर गेले. तेथील पातळी उरलेल्या देशाहून पुष्कळच खाली आहे हे खरे, तरी हा आकडा पक्षाच्या सभासदांपासून लपवण्याचे कारण नाही. संपूर्ण देशाची सरासरी किंचित सुधारली, ३८.४ वरून ३५.५ टक्क्यांवर आली. परंतु सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांतील रक्तक्षय ५८.६ वरून ६७.१ टक्क्यांवर चढला, आणि सहा ते तेवीस महिने वयाच्या मुलांपैकी किमान पुरेसा आहार मिळणारी मुले शंभरात अवघी अकरा निघाली. महामारी आली ती अशा देशात. तिने भूक निर्माण केली नाही, असलेल्या भुकेवरचे पातळ पांघरूण तेवढे ओढून काढले.

आता लहान मुलाच्या पोटाचा विचार करू. मोठ्या माणसाला दिवसातून दोनदा भाकरी आणि कोरड्यास मिळाले तर तो कसाबसा जगतो. दीड वर्षाच्या मुलाचे पोट मुठीएवढे असते. ते एका वेळी थोडेच खाऊ शकते, म्हणून त्याला दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे लागते, आणि जे द्यायचे त्यात तेल, डाळ, दूध, अंडे असावे लागते. नुसता भात किंवा नुसती भाकरी कुस्करून दिली तर पोट भरते, शरीर भरत नाही. मजुरी बुडाली की श्रमिकाच्या चुलीवरून पहिल्यांदा कोणती वस्तू उतरते? दूध उतरते, अंडे उतरते, मग भाजी, मग डाळ पातळ होते, तेलाची बाटली महिन्याऐवजी दोन महिने पुरवली जाते. धान्य सर्वांत शेवटी कमी होते. म्हणजे टंचाईचा पहिला वार नेमका त्याच पदार्थांवर होतो ज्यांच्यावर मूल वाढते. घरातील मोठी माणसे उपाशी दिसू लागण्याच्या कितीतरी आधी धाकटे मूल कुपोषित झालेले असते, आणि ते दिसत नाही, कारण ते रडण्याऐवजी निपचित पडून राहू लागते.

यालाच आजाराची जोड मिळते. कुपोषण आणि संसर्ग एकमेकांना वाढवतात, हे स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात साधार मांडले होते. हगवण झाली की मूल खात नाही, खात नाही म्हणून त्याची प्रतिकारशक्ती घटते, घटली की पुन्हा हगवण. टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यांत लसीकरणाची गावोगावची सत्रे थांबली, जीवनसत्त्व 'अ'चे डोस चुकले, तालुक्याच्या ठिकाणी वाहन नाही म्हणून तीव्र कुपोषित मूल उपचार केंद्रात पोहोचले नाही. जुलै २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार त्या एका वर्षात गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत आणखी ६७ लाख बालके रोडावण्याची भीती होती, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक दक्षिण आशियातील असणार होती. तो अंदाज होता, मोजणी नव्हती. मोजणी झालीच नाही, कारण वजनकाटा अंगणवाडीच्या कुलपाआड होता. आणि येथे प्रशासनाची एक जुनी करामत लक्षात ठेवली पाहिजे. वजन घेतले नाही की कुपोषित बालक नोंदवले जात नाही, आणि नोंदवले नाही की अहवालात संख्या घटते. त्या काळातील घटलेल्या आकड्यांवर समाधान मानणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला आधी विचारले पाहिजे की किती मुलांचे वजन घेतले गेले.

सरकारने मदत केलीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एप्रिल २०२० पासून पंतप्रधान गरीब कल्याण अन्न योजनेखाली रेशनकार्डावरील प्रत्येक माणसास महिना पाच किलो धान्य फुकट आणि प्रत्येक कुटुंबास एक किलो डाळ मिळू लागली. मे २०२१ पासून योजना पुन्हा चालू झाली आणि धान्य डिसेंबर २०२२ पर्यंत मिळत राहिले. या धान्याने कोट्यवधी घरांतील चूल विझू दिली नाही. पण हिशेब करून पाहा. पाच किलो म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅम, फार तर पावणेसहाशे उष्मांक. एक किलो डाळ पाच माणसांच्या घरात महिनाभर वाटली तर माणशी रोज सात ग्रॅमही होत नाही. आणि ही सात ग्रॅमदेखील नोव्हेंबर २०२० नंतर बंद झाली. २०२१ मध्ये दुसरी लाट आली तेव्हा खाद्यतेलाचे भाव कडाडले होते, आणि सरकारी मदतीत होते ते फक्त धान्य. शिवाय हे धान्य ज्यांच्याकडे कार्ड त्यांनाच. कार्डांचा कोटा २०११ च्या जनगणनेवर आधारलेला. मधल्या काळात वाढलेली लोकसंख्या धरली तर दहा कोटींहून अधिक माणसे अन्नसुरक्षा कायद्याच्या बाहेर राहतात, असे अर्थशास्त्रज्ञ जाँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी २०२० मध्येच दाखवून दिले होते.

धान्य नव्हते म्हणून हे घडले काय? एप्रिल २०२० च्या आरंभी अन्न महामंडळाच्या साठ्यात, न भरडलेले भात धरून, सात कोटी टनांहून अधिक धान्य होते. गरजेचा राखीव साठा सुमारे २ कोटी १० लाख टनांचा. त्याच महिन्यात केंद्र सरकारने अतिरिक्त तांदळापासून इथेनॉल बनवण्यास संमती दिली, हात धुण्याच्या सॅनिटायझरसाठी आणि पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी. दुधाची कथा याहून बोलकी आहे. हॉटेले, मिठाईची दुकाने बंद झाल्यामुळे महाराष्ट्रात दुधाचे खरेदीदर कोसळले. राज्य सरकारने दररोज दहा लाख लिटर दूध विकत घेऊन त्याची भुकटी करण्याचे ठरवले. जुलै-ऑगस्टमध्ये किसान सभेसह शेतकरी संघटना रास्त दरासाठी रस्त्यावर उतरल्या. त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीमुळे रोग पसरतो अशा अफवेने कुक्कुटपालक बुडाले, अंडी व कोंबड्या मातीमोल झाल्या. दूध आहे, अंडी आहेत, तांदूळ आहे. उत्पादक शेतकरी भाव मिळत नाही म्हणून रडतो, आणि त्याच्याच गावच्या आदिवासी पाड्यावरील मूल दूध-अंड्यावाचून रोडावते. बाजार या दोघांची गाठ घालत नाही, कारण मुलाच्या आईच्या हाती पैसा नाही. ही गाठ घालण्याचे काम सरकारचेच होते. अंगणवाडीसाठी दूध व अंडी खरेदी करून घरोघर पोहोचवली असती तर एकाच खर्चात शेतकरी आणि बालक दोघेही सावरले असते. तशी योजना होऊ शकली नाही असे नव्हे, ती कोणाच्या हिताची नव्हती इतकेच.

अंगणवाडीची कल्पना मुळात महाराष्ट्राच्या मातीतील आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, असे काम उभे केले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली तेव्हा हाच शब्द देशभर गेला. न्यायालयीन लढाईनंतर १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सार्वत्रिक करण्याचा आदेश दिला आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने बालकाचा आहार हा हक्क ठरला. तीन ते सहा वर्षांच्या मुलास नाश्ता व गरम ताजे जेवण मिळून ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने. कुपोषित मुलास ८०० उष्मांक आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने. महामारीच्या काळात कायदा एवढे सांगत होता. आता त्यासाठी पैसा किती, ते पाहा. २०१७ मध्ये ठरलेला दर सर्वसाधारण मुलामागे दिवसाला आठ रुपये, तीव्र कुपोषित मुलामागे बारा रुपये. महामारीच्या दोन्ही वर्षांत हाच दर होता. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर एका मुलाच्या आहारावर २,४०० रुपये. २०२०-२१ च्या अर्थसंकल्पात एकट्या अंगणवाडी सेवेसाठी २०,५३२ कोटी रुपये होते. २०२१-२२ मध्ये, म्हणजे देशाने भूक डोळ्यांनी पाहिल्यानंतर, अंगणवाडी, पोषण अभियान, पाळणाघरे, किशोरी योजना हे सारे एका नव्या नावाखाली एकत्र करून त्या सर्वांना मिळून २०,१०५ कोटी देण्यात आले. २० सप्टेंबर २०१९ रोजी कंपन्यांना जी करसवलत जाहीर झाली तिच्यामुळे बुडणारा महसूल खुद्द अर्थमंत्र्यांनी १ लाख ४५ हजार कोटी सांगितला होता. म्हणजे एका वर्षाची ही सवलत सर्व बालकांच्या सात वर्षांच्या तरतुदीएवढी.

गरम जेवण बंद झाल्यावर कोरडा शिधा देण्यात आला. महाराष्ट्रात गहू, कडधान्य, मीठ, तिखट, हळद असा तो होता. अधिकारीवर्ग पुढे तक्रार करू लागला की हा शिधा मुलाच्या तोंडी जात नाही, सारे घर खाते. जणू काही आईने चोरी केली! पाच जणांच्या उपाशी घरात दोन किलो गहू आला तर तो पाच जणांतच शिजणार. अंगणवाडीतील ताटाचे मोल हेच होते की ते ताट त्या मुलाचेच असे, सेविकेच्या डोळ्यांदेखत ते खात असे. महाराष्ट्राच्या आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेखाली गरोदर व स्तनदा मातेलाही अंगणवाडीत शिजवलेले पूर्ण जेवण मिळत असे, मुलांना अंडी मिळत. त्या मातेचे ताटही याच काळात गेले. आईच्या ताटाचा प्रश्न मुलाच्या प्रश्नाहून वेगळा नाही, कारण सहा महिन्यांपर्यंत मुलाचे ताट म्हणजे आईच. अन्नसुरक्षा कायदा मातेस किमान सहा हजार रुपये देऊ म्हणतो. केंद्राने २०१७ मध्ये योजना काढली ती पाच हजारांची, आणि तीही पहिल्या अपत्यापुरती.

ज्यांना कोरडा शिधादेखील मिळाला नाही, त्यांच्यात स्थलांतरित मजुरांची मुले सर्वांत पुढे. ऊसतोडणीचे उदाहरण घेऊ. बीड, अहमदनगरकडील टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही, आणि धाकटी मुले पाचटाच्या कोपीपाशी मोठ्या बहिणीच्या कडेवर. मार्च २०२० मध्ये पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांवर लाखाहून अधिक तोडणी मजूर अडकले. सरकारने त्यांना घरी जाण्याची मुभा दिली ती एप्रिलच्या मध्यानंतर. त्यांच्या मुलांची नावे गावच्या अंगणवाडीच्या पटावर, शिधाही तेथेच, आणि मूल मात्र शंभर-दोनशे मैलांवर फडात. वीटभट्टीवरील कातकरी, गुजरातेत गेलेले नंदुरबारचे आदिवासी, भट्ट्यांवर राबणारे झारखंड-ओडिशाचे मजूर, यांच्या मुलांची गत तीच. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी सहा वर्षांखालील पाच मुले असतील तर त्यांना सांभाळण्यास एक बाई नेमण्याची तरतूद होती. २०२०-२१ मध्ये या योजनेवर ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झाले, इतके काम त्यापूर्वी कोणत्याही वर्षी झाले नव्हते. शेतमजूर संघटनेच्या कार्यकर्त्यांनी स्वतःस विचारावे की त्या कामांवर पाळणा किती ठिकाणी बांधून घेतला. मजुरीची थकबाकी आणि कामाचे दिवस यांसाठी मोर्चे निघाले, ते योग्यच होते. पण पाळणा ही बायकांची किरकोळ बाब आहे, अशी समजूत आपल्या संघटनांतही आहे, आणि ती गेली पाहिजे.

केरळने काय केले, हे सांगितले पाहिजे, कारण त्यावरून पैशाचा आणि इच्छेचा फरक कळतो. शाळा-अंगणवाड्या बंद करताच मार्च २०२० मध्येच तेथे बालकांचा आहार घरपोच देण्यास सुरुवात झाली. हे अचानक सुचले नव्हते. तेथे लहान मुलांसाठीचे 'अमृतम्' पीठ कुटुंबश्रीच्या महिला गटांत तयार होते, गव्हाबरोबर हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे घालून. ते बनवणारी बाई आणि खाणारे मूल एकाच पंचक्रोशीतले. सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२० रोजी स्वतःहून दखल घेऊन सर्व राज्यांना मुलांच्या आहाराबाबत नोटिसा काढल्या, तेव्हा केरळची व्यवस्था चालू झालेली होती. या उलट जेथे आहाराचा पुरवठा बड्या कंत्राटदारांच्या हाती, तेथे कारखाना बंद, मालमोटार बंद, म्हणून मुलाचा घासही बंद. अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, गावच्या महिला मंडळांना व बचतगटांना काम द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश ७ ऑक्टोबर २००४ चा आहे. बचतगटांना डावलणारी महाराष्ट्राची निविदा याच न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये रद्द केली. आणि १३ जानेवारी २०२१ रोजी, दीपिका साहनी यांच्या याचिकेवर, प्रतिबंधित क्षेत्राबाहेरील अंगणवाड्या उघडण्याबाबत ३१ जानेवारीपर्यंत निर्णय करा, असा आदेश झाला. सिनेमागृहे त्याआधीच, ऑक्टोबर २०२० मध्ये, उघडण्यास परवानगी मिळालेली होती.

या साऱ्या काळात गावात सरकार म्हणून जे काही उरले होते ते अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशा यांच्या पायांवर चालत होते. घरोघर शिधा त्यांनी पोहोचवला, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'ची पाहणी त्यांनी केली, परतलेल्या मजुरांची नोंद त्यांनी ठेवली. अनेकींना सुरुवातीस मुखपट्टीही स्वतः शिवून घ्यावी लागली. मोबदला किती? केंद्राचे मानधन ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेस ४,५०० रुपये, मदतनिसास २,२५० रुपये. राज्ये आपापली भर घालतात. मार्च २०२१ मध्ये केंद्राने 'पोषण ट्रॅकर' हे मोबाइलवरील नोंदवही आणली आणि ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील हजारो सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाइल परत केले. त्यांची मागणी कामातून सुटण्याची नव्हती, काम करता येईल असे साधन मागण्याची होती. ७ व ८ ऑगस्ट २०२० रोजी, साथ ऐन भरात असताना, योजना कामगारांनी देशभर दोन दिवसांचा संप केला. २०१३ च्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने त्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी अशी शिफारस केली होती. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. महाराष्ट्रात ४ डिसेंबर २०२३ पासून बावन्न दिवस संप चालला. सेविकेचे वेतन आणि बालकाचा घास हे दोन प्रश्न वेगळे धरणारा कार्यकर्ता दोन्ही लढाया हरतो. ज्या गावात सेविकेच्या संपाच्या वेळी शेतमजूर आणि गरीब शेतकरी तिच्या बाजूस उभे राहतात, तेथे आहार निकृष्ट आला तर तिलाही ते सांगण्याचे बळ येते.

शाखांनी हाती घेण्यासारखे काम साधे आहे आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. महिन्यातून एकदा वजनाच्या दिवशी शाखेचे दोन सभासद, त्यांत एक स्त्री, अंगणवाडीत हजर असावेत. पटावर मुले किती, वजन घेतले किती, तीव्र कुपोषित किती, आणि त्यांपैकी किती मुलांना उपचार मिळाला, हे चार आकडे ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावेत. भट्टीवर, फडावर आलेल्या बाहेरगावच्या मुलांची नावे जवळच्या अंगणवाडीत घालून घ्यावीत, आधारकार्ड नाही या सबबीवर ती परतवली तर तालुक्याला जावे. शहरांत, विशेषतः सुरत, इंदूर, हैदराबाद अशा ठिकाणी काम करणाऱ्या मराठी भाषक सभासदांना बांधकामांच्या जागी हेच करता येईल.

आणि एक गोष्ट फारच थोड्या शाखांनी वापरली आहे. अन्नसुरक्षा कायद्याच्या आठव्या कलमानुसार, हक्काचा आहार किंवा धान्य पुरवले गेले नाही तर सरकारने त्या व्यक्तीस अन्नसुरक्षा भत्ता दिला पाहिजे. टाळेबंदीत ज्या बालकांना महिनोन्महिने काहीच मिळाले नाही, त्यांपैकी कितींच्या नावे अर्ज गेले? अंगणवाडी पुन्हा कोणत्याही कारणाने बंद राहिली, साथ असो, पूर असो की पुरवठ्याचे बिल थकलेले असो, तर पहिल्याच आठवड्यात प्रत्येक बालकाच्या नावाने लेखी अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे जावा. अर्जात बंद राहिलेल्या दिवसांच्या तारखा असाव्यात, आईची सही किंवा अंगठा असावा, आणि कार्यालयाची पोच घेतलेली प्रत शाखेच्या कपाटात राहावी.